दाराबाहेरचा दिवा : हनुक्का, दूरचित्रवाणी आणि बेने इस्राएलांची मराठी

हनुक्क्याच्या दिव्यासंबंधी ताल्मुदाच्या 'शब्बाथ' या भागात जे नियम आले आहेत, ते एखाद्या दृश्यमाध्यमाच्या मीमांसेतील सूत्रे म्हणूनही वाचता येतात. दिवा घराच्या दाराशी, बाहेरच्या अंगास ठेवावा. घर माडीवर असेल तर रस्त्याकडील खिडकीत ठेवावा. संकटकाळी मात्र तो घरातल्या मेजावर ठेवला तरी पुरे. वीस हातांहून उंच ठेवलेला दिवा बाद ठरतो, कारण तेथवर पाहणाऱ्याची नजर जात नाही. त्या उजेडात पैसे मोजावयाचे नाहीत, काम करावयाचे नाही. म्हणूनच आठ ज्योतींखेरीज नववी, 'शमाश' म्हणजे सेवक ज्योत लावण्याची प्रथा पडली. उजेडाचा जो काही उपयोग होईल तो तिचा. आठ ज्योती केवळ पाहण्यासाठी असतात. ज्याने स्वतः दिवा लावलेला नाही, वाटेने जाताना दुसऱ्याचा पाहिला आहे, त्याच्यासाठीही आशीर्वचन सांगितलेले आहे. चमत्कार 'जाहीर करणे' हा या विधीचा हेतू असून प्रेक्षक हा त्याचा बाह्य साक्षीदार नसतो, तर विधीच्या घटनेतील एक पद असतो.

यामुळे दूरचित्रवाणीवरील धार्मिक कार्यक्रमांविषयी जी तक्रार नेहमी केली जाते ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. पडद्याने विधीचे दृश्य केले, श्रद्धेचा तमाशा केला, ही गी दबोरपासून आजतागायत चालत आलेली टीका हनुक्क्यापुढे काहीशी निरुत्तर होते. कारण दृश्य होणे हे या सणाचे विकृत रूप नसून त्याचे विहित कर्म आहे. हसिदी पंथाच्या खबाद या शाखेने हे फार लवकर ओळखले. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील दीपप्रज्वलन उपग्रहाद्वारे मॉस्को, जेरुसलेम यांसारख्या शहरांशी जोडून दाखविण्यात आले, ते याच भूमिकेतून. वॉशिंग्टनमध्ये १९७९ पासून राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाजवळ उभा राहणारा दीपवृक्षही कॅमेऱ्याचा विचार करूनच उभा असतो. (उपग्रह वीस हातांहून बराच उंच असतो, हा विनोद कोणा ना कोणा धर्मपंडितास सुचला असणारच.) डॅनियल दायान आणि एलिहू कात्झ यांनी १९९२ साली 'मीडिया इव्हेंट्स' या ग्रंथात थेट प्रक्षेपणाला आधुनिक समाजाच्या विधीचे स्थान दिले. त्यांपैकी कात्झ हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस इस्राएलमध्ये दूरचित्रवाणी सुरू करणाऱ्या गटाचे प्रमुख होते, ही बाब योगायोगाची मानता येत नाही. ज्या देशात शब्बाथच्या संध्याकाळी पडदा चालू ठेवावा की नाही यावर १९६९ साली राजकीय वाद झडला, तेथे हनुक्क्याच्या आठ संध्याकाळींना मात्र पडद्याशी तडजोड करावी लागली नाही. अमेरिकेत तर नाताळाच्या शेजारामुळे हा मूळचा दुय्यम सण मोठा झाला आणि १९९६ साली 'रगरॅट्स' या मुलांच्या चित्रमालिकेने त्यावर स्वतंत्र भाग केला, तोवर त्याची पडद्यावरील जागा पक्की झालेली होती.

मराठी प्रेक्षकापुढे हा सण येतो तो दुसऱ्या शेजारातून. 'ज्यूंची दिवाळी' हे दोन शब्द मराठी वृत्तनिवेदनात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत इतके सराईत झाले आहेत की त्यांतील उपमा आता कोणास उपमा वाटत नाही. उपमेचे काम परक्यास ओळखीचे करणे हे असते, आणि तेवढ्यापुरती ती निर्दोष आहे. परंतु बार्थने दंतकथेची जी घडण दाखविली, ती येथे नेमकी आढळते. एक ऐतिहासिक, वादग्रस्त, रक्ताळलेला मजकूर रिकामा करून त्याच्या जागी सर्वांस मान्य असा एक निसर्गसिद्ध अर्थ, 'प्रकाशाचा अंधारावर विजय', बसविला जातो. इ. स. पू. १६७ ते १६४ या काळात अँटायोकस चौथा याच्या सत्तेविरुद्ध मक्काबींनी केलेले युद्ध, त्या युद्धातील ज्यूंचेच ज्यूंशी वैर, ग्रीक चालीरीती पत्करणाऱ्यांविषयीचा द्वेष, हे सारे गळून पडते आणि एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याची कथा उरते. ही कथा मक्काबींच्या पहिल्या दोन ग्रंथांत नाही. ती पुढे ताल्मुदात येते. म्हणजे युद्धाकडून तेलाकडे हा प्रवास दूरचित्रवाणीने सुरू केलेला नाही, पंडितांनीच तो कित्येक शतकांपूर्वी केला होता. पडद्याने तो फक्त पूर्ण केला. मराठी वाचकास या मजकुराचा दुसरा आधारही नाही. मक्काबींचे ग्रंथ हिब्रू पवित्रशास्त्रात नाहीत, प्रॉटेस्टंट परंपरेच्या मराठी बायबलातही नाहीत. तेथे या सणाचा उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ओझरता येतो, इतकेच.

तथापि उपमेतील खरी अडचण वेगळी आहे. मराठी मुलखातील ज्यू म्हणजे प्रामुख्याने बेने इस्राएल. आणि बेने इस्राएलांच्या स्वतःविषयीच्या परंपरागत आख्यानात हनुक्का नव्हता, हीच गोष्ट मध्यवर्ती आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून समाज वाढला, ही कथा सर्वश्रुत आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या आगमनाचा काळ इ. स. पू. दुसऱ्या शतकात, मक्काबींच्या उठावाच्या तोंडाशी नेला. पूर्वजांनी देश सोडला तेव्हा मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा हा सण अस्तित्वातच नव्हता, म्हणून तो कोकणात आला नाही, असा या आख्यानाचा सांधा आहे. इतिहासशास्त्राच्या कसोटीवर हा युक्तिवाद लेचापेचा आहे. एखादी गोष्ट नसणे हे अनेक कारणांनी घडू शकते, आणि विस्मरण हे त्यांतले सर्वांत साधे कारण होय. परंतु आख्यान म्हणून त्याचे सामर्थ्य मोठे आहे. उणीव हाच येथे प्राचीनतेचा पुरावा होतो. १९६२ ते १९६४ या काळात इस्राएलमधील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांविषयी शंका उपस्थित केल्या, त्यांच्या वंशावळीची चौकशी मागितली, जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले आणि अखेर १९६४ साली इस्राएलच्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले. तेव्हा 'आपण किती जुने' हा प्रश्न या समाजाच्या दृष्टीने निव्वळ पांडित्याचा राहिला नव्हता. अशा समाजाची ओळख नेमकी त्याच सणाने करून देणे, हा पडद्यावरील उपमेत दडलेला व्याघात आहे.

हा व्याघात आणखी एका तपशिलाने तीव्र होतो. कोकणात बेने इस्राएल तेलाचा धंदा करीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. तेलाच्या चमत्काराचा सण ठाऊक नसलेली, परंतु तेलानेच ओळखली जाणारी ही जमात! तिची खूण तेल जळण्यात नव्हती, घाणा थांबण्यात होती. कॅमेऱ्यास जळते तेल दिसते. थांबलेला घाणा दाखवावा कसा?

केहिमकरांनी नोंदविलेली जुन्या सणांची नावे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. वर्षारंभास 'नव्याचा सण', त्यानंतरच्या एका दिवसास 'खिरीचा सण', मंदिरनाशाच्या शोकदिनास 'बिरड्याचा सण', वल्हांडणास 'अनाशी ढाकाचा सण', पुरीमला 'होळीचा सण', आणि प्रायश्चित्ताच्या महादिनास 'दारफाळणीचा सण'. हिब्रू नावे हरवली होती, पंचांग अर्धवट उरले होते. पण सण भाषेत मुरले होते, आणि तेही स्वयंपाकघराच्या भाषेत. नवे पीक, खीर, बिरडे, झाकलेले भांडे. दावीद राहाबीने या लोकांना ज्यू म्हणून ओळखले ते खवले आणि पर असलेलीच मासळी बायकांनी निवडून रांधल्यावरून, अशी कथा आहे; तिच्यातही साक्ष चुलीचीच आहे. आणि सर्वांत मोठा सण तो दारे मिटून घेण्याचा. पांढरी वस्त्रे नेसून, दार लावून, बाहेरच्यांचा स्पर्श आणि संभाषण टाळून तो दिवस उपासात काढावयाचा. हनुक्का दाराबाहेर दिवा ठेवावयास सांगतो. बेने इस्राएलांचा महासण दार लावून घ्यावयास सांगतो. दोन्ही सण एकाच धर्माचे असले तरी पाहणाऱ्याशी त्यांचे नाते परस्परविरुद्ध आहे. दूरचित्रवाणीची निवड यांतून आपोआप ठरते. तिच्या मागे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. जो सण दाराबाहेर येतो तोच तिला सापडतो.

येथे २००८ या वर्षाची दखल घ्यावी लागते. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी ज्यूंचे घर म्हणून एखादी वास्तू प्रदीर्घ काळ पाहिली ती त्या वर्षी, नोव्हेंबरच्या २६ तारखेनंतर, कुलाब्यातील नरिमन हाउसच्या रूपाने. गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो घराघरांत थेट दिसत होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्याच्या निकालपत्रात त्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. महिनाही उलटला नव्हता तोच २१ डिसेंबरच्या संध्याकाळी हनुक्क्याची पहिली ज्योत लागली. हल्ला झालेल्या दोन्ही मोठ्या हॉटेलांचे काही भाग त्याच दिवशी पुन्हा उघडले. त्या सणात गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात जाहीर दीपप्रज्वलन झाले. संकटकाळी दिवा मेजावर ठेवण्याची मुभा असताना तो मुद्दाम रस्त्यावर आणला गेला, यातील धैर्य निर्विवाद आहे, आणि पडद्यावरील हनुक्का या एकाच वेळी तरी सपाट उपमेच्या पलीकडे जाऊन मूळच्या युद्धकथेशी जोडला गेला. पण याच घटनाक्रमाने मराठी प्रेक्षकाच्या मनातील 'ज्यू' या चिन्हाचा आकारही घट्ट केला : काळी टोपी, काळा कोट, दाढी. नरिमन हाउस हे खबादचे केंद्र होते. तेथील धर्मगुरू दांपत्य परदेशातून आलेले होते. जवळच मशीद बंदर भागात १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेले शारे रहामीम हे प्रार्थनामंदिर आहे, पनवेल आणि अलिबाग येथे एकोणिसाव्या शतकापासून प्रार्थनामंदिरे आहेत, साडी नेसणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची ही दुनिया त्या चिन्हात मावत नाही. दिवेकर, पेणकर, केहिमकर, अष्टमकर ही आडनावे ऐकली तर प्रेक्षकास ती शेजारच्या आळीतली वाटतील. मात्र आडनाव दिसत नाही, ऐकावे लागते.

दृश्याने वाणीवर केलेली ही कुरघोडी हाच या चर्चेचा गाभा होय. बेने इस्राएलांचे मराठीपण हे मुख्यतः वाणीचे आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण दिले. त्याआधीपासून कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थना आणि सणांचे पूर्ण पंचांग कोकणात पोहोचविण्यास आरंभ केला होता, आणि हनुक्काही याच शिकवणुकीच्या वाटेने आला. १८७४ साली पुण्यात शिळाप्रेसवर छापलेल्या हग्गादात हिब्रू संहितेशेजारी मराठी अनुवाद आहे आणि चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत बसलेल्या आहेत. तेथे चित्र मजकुराला गिळत नाही. दोन लिप्या आणि एक चित्र एकाच पृष्ठावर परस्परांस वाचीत राहतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आणि १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कीर्तनाची परंपरा सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या यांत रचून, पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट सांभाळून, मराठी हरिकथेच्या साच्यात इस्राएलाचा देव बसविणारे हे वाङ्मय मराठी वाङ्मयेतिहासाच्या मुख्य धारेत आजही तळटीपेहून मोठे झालेले नाही. पुढे स्त्रियांनी ते मुंबईत आणि इस्राएलमध्ये जपले.

पडदा आणि वाणी यांचा स्वभावतःच विरोध असतो असे मात्र नव्हे. 'आलम आरा' हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट ज्या नाटकावर आधारला तो नाटककार जोसेफ डेव्हिड. म्हणजे हिंदी पडद्याला पहिले बोल एका मुंबईकर ज्यू लेखकाच्या नाटकातून मिळाले. डेव्हिड अब्राहाम चेऊलकरांचा आवाज 'बूट पॉलिश'पासून 'गोलमाल'पर्यंत घराघरांत पोहोचला होता, आणि तो बेने इस्राएलाचा आवाज आहे हे फारच थोड्यांना ठाऊक होते. वाणी होती तेव्हा ओळख नव्हती. आज ओळख आहे तर वाणी नाही.

सणाच्या रचनेतही हाच विपर्यास दिसतो. हनुक्का हा क्रमशः घडणारा सण आहे. शम्माईच्या मते आठ ज्योतींपासून उतरत यावे, हिल्लेलच्या मते एकीपासून चढत जावे. हिल्लेलचे मत रूढ झाले. रोज एक ज्योत वाढणे, काल आणि उद्या यांच्यामध्ये आजची संध्याकाळ उभी असणे, यात कथनाचा ताण आहे. मालिका हा दूरचित्रवाणीचा प्राण असताना तिने हा मालिकारूप सण एका बातमीत आटोपावा, हे विचित्र होय. रेमंड विल्यम्सने १९७४ साली 'प्रवाह' ही संकल्पना मांडली. त्या प्रवाहात पहिल्या संध्याकाळचे दीड-दोन मिनिटांचे दृश्य जाहिरात आणि क्रीडावृत्त यांच्यामध्ये वाहून जाते. त्यातही निवेदकाच्या मागे जे चित्र असते त्यात बहुधा नऊही ज्योती पेटलेल्या असतात. पहिल्या संध्याकाळी प्रत्यक्षात एकच ज्योत आणि तिची सेवक ज्योत, इतकेच असते. मोठ्या दीपवृक्षावरील सात रिकाम्या जागा हे या सणातील सर्वांत बोलके दृश्य. पडद्यास रिकामी जागा परवडत नाही.

हा प्रश्न बेने इस्राएलांपुरता मर्यादित नाही, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडे जावे लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी हे या जिल्ह्याचे पडद्यावरील रूप. मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू, अंगावरचे पांढरे ठिपके, पहाटे पेटणारा उंच बांबू, हे सारे कॅमेऱ्यास विलक्षण मानवते, आणि वर्षातून एकदा हा मुलूख उजळून पुन्हा अंधारात जातो. त्या होळीआधी पाळावयाची कडक व्रते, ती पाळणाऱ्यांचे मौन आणि अन्नाचे निर्बंध, हे दृश्यात येत नाहीत. भिली किंवा पावरी गीतांवर प्रमाण मराठीचे निवेदन पसरलेले असते. बेने इस्राएलांच्या बाबतीत मराठी ही झाकली जाणारी भाषा आहे, सातपुड्यात ती झाकणारी भाषा आहे. पुरीमला 'होळीचा सण' म्हणणारे कोकणातले तेली आणि काठीचे होळीकरी यांच्यात इतिहासाचा कोणताही संबंध नसेल, तरी पडद्याने दोघांस दिलेली वागणूक एकच आहे : एक दिवस, एक ज्वाला, दुसऱ्याचा आवाज.

मग अक्कलकुव्यातील किंवा धडगावातील प्रेक्षकाने हनुक्क्याचे ते दृश्य पाहिले तर त्याच्यापर्यंत काय पोहोचते? त्याला पनवेलचे प्रार्थनामंदिर वाटेवर लागण्याचा संभव कमी; 'ज्यू' हा शब्द त्याच्यासाठी पडद्यावरचाच आहे. ताल्मुदाने या परक्या प्रेक्षकाचाही विचार केला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. दिवा कोठवर जळत ठेवावा, तर बाजारातून तर्मोदच्या लोकांची पावले परतेपर्यंत. भाष्यकारांच्या मते हे लोक सरपण विकणारे, बाजार उठल्यावरही रेंगाळणारे, परगावचे. म्हणजे सणाच्या वेळेची मर्यादा घरच्यांनी ठरवावयाची नसून शेवटच्या मोळीविक्याने ठरवावयाची आहे. दिवा त्याच्यासाठी तेवत राहावयाचा असतो. या नियमाच्या प्रकाशात दूरचित्रवाणीचा दोष असा मांडता येतो की ती परक्यास दाखवते, परंतु त्याची वाट पाहत नाही. दीड मिनिटात दिवा विझतो, आणि दार कोणाचे होते, त्या घरात कोणती भाषा बोलली जाते, हे विचारण्याआधीच पुढची बातमी सुरू झालेली असते.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. हनुक्का बाहेरून शिकविला गेला म्हणून तो बेने इस्राएलांचा नव्हे, असे म्हणणे म्हणजे देशीवादाची भ्रष्ट आवृत्ती होय. गेली दीडशे-दोनशे वर्षे हे दिवे कोकणात, मुंबईत, पुण्यात लागत आहेत. एवढ्या काळात परका सण घरचा होतो, जसे कीर्तन ज्यूंचे झाले. कीर्तनाला आपले म्हणावयाचे आणि हनुक्क्याला उपरा म्हणावयाचे, ही दुटप्पी कसोटी ठरेल. शिवाय संख्येने चार-पाच हजारांवर आलेल्या आणि २०१६ साली महाराष्ट्रात अल्पसंख्याक दर्जा मिळालेल्या समाजाला जगाच्या ज्यू समूहाशी जोडणारा, सर्वत्र ओळखला जाणारा सण जवळचा वाटला तर त्यात नवल नाही. दारफाळणीच्या सणाने शेजाऱ्यापासून जे अंतर राखले ते आज राखणे परवडेलच असे नाही. हा आक्षेप मान्य करावयास हवा. त्याने टीकेचे स्थान मात्र बदलते, टीका नाहीशी होत नाही. हनुक्का दाखवावा की दाखवू नये, हा प्रश्न मागे पडतो आणि तो कोणत्या भाषेत दाखवावा, हा प्रश्न पुढे येतो. त्या संध्याकाळी कोण्या मराठी घरात हिब्रू आशीर्वचनानंतर मराठीत काय बोलले जाते, आजी नातवंडांना मक्काबींची गोष्ट कोणत्या शब्दांत सांगते, करंजीसारखे तळलेले काय होते आणि त्याला घरात काय म्हणतात, याकडे मायक्रोफोन वळत नाही.

कीर्तन या प्रकाराचा विचार यासाठीही करण्यासारखा आहे की तो दूरचित्रवाणीस मुळीच अवघड नाही. एक वक्ता, समोर थेट संबोधिलेला श्रोता, गद्यातून पद्यात आणि पद्यातून गद्यात होणारी ये-जा, मध्येच समकालीन टोला. पडद्यावरील निवेदकाची सारी कौशल्ये कीर्तनकाराजवळ आधीपासून आहेत. मक्काबींचे आख्यान दिंडी-साकीत लावून आठ संध्याकाळी आठ भागांत सांगण्यास रचनेच्या दृष्टीने कोणतीच आडकाठी नाही. हिल्लेलचा चढता क्रम त्यास आपसूक मिळतो : पहिल्या दिवशी थोडी कथा आणि सात रिकाम्या जागा. मालिदाच्या ताटातील पोहे, खोबरे, फळे आणि एलियाहू हन्नाबीची आळवणी हेही हनुक्क्यानंतर काही आठवड्यांनीच, शेवाट महिन्याच्या पौर्णिमेस येते; अलिबागजवळच्या खंडाळ्यातील ज्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवितात, तेथे त्या सुमारास मराठी ऐकू येते.